हायड्रॉलिक जॅकची ओ-रिंग: माप कसं काढायचं, दुकानात काय मागायचं

जॅकवर गाडी उचलली आणि चहा पिऊन येईपर्यंत ती बोटभर खाली आली, की लोक जॅक भंगारात काढायला निघतात. दोष बरेचदा एका रबरी कड्याचा, म्हणजे ओ-रिंगचा असतो. कडं स्वस्त, नेमक्या मापाचं मिळवणं हेच काम.

आधी तेल कुठून येतंय ते पाहा. रॅमभोवती, म्हणजे वर येणाऱ्या दांड्याभोवती ओल असेल तर तिथलं सील (तेल अडवणारं कडं) गेलंय, हँडलपाशी असेल तर पंपाच्या प्लंजरचं, म्हणजे हँडलने वरखाली होणाऱ्या छोट्या दांड्याचं. बाहेर थेंबही नाही आणि तरी जॅक बसतोय? मग आतल्या पिस्टनचं सील, नाहीतर रिलीज व्हॉल्व्हच्या (जॅक खाली सोडायच्या व्हॉल्व्हच्या) छर्‍याखाली अडकलेला कचरा. कचरा साफ करणं फुकटातलं, म्हणून ते आधी.

भार काढून, व्हॉल्व्ह उघडून दाब सोडल्याशिवाय नटाला पान्हा लावायचा नाही. रिंग काढायला स्क्रू ड्रायव्हर नको, ती बसते त्या खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. बांबूची टोकदार काडी पुरते. रिंगेशेजारी टेफ्लॉनची पातळ पट्टी असेल तर ती बॅकअप रिंग, म्हणजे रिंगेला आधार देणारी. ती दाबाच्या उलट बाजूला बसते, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. गोल कड्याऐवजी ओठ असलेलं सील निघालं तर दुकानात ‘यू-सील’ मागायचं.

आता माप. जुनी रिंग तेलाने फुगलेली, दाबाने चपटी झालेली असते, तेव्हा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) लावायचा तो लोखंडाला. समजा सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 31.75 मिमी भरला, म्हणजे सव्वा इंच, आणि पिस्टनच्या खाचेच्या तळाचा व्यास 25.55. फरक 6.20, त्याचा अर्धा 3.10. रिंगेला मिळणारी जागा एवढीच. सरकत्या भागात रिंग साधारण 10 ते 15 टक्के दाबली जायला हवी, म्हणून जाडी 3.53 लागते. आतला व्यास खाचेपेक्षा किंचित कमी, 24.99, रिंग जराशी ताणून बसते. इंची मापांच्या एएस 568 तक्त्यात हीच 214 नंबरची रिंग.

पडताळा हवा असेल तर जुनी रिंग ब्लेडने कापून सरळ करा. लांबी भागिले 3.14, वजा जाडी, म्हणजे आतला व्यास. चपट्या रिंगेचं उत्तर थोडं चुकतं, पण जवळपास पोचवतं.

मी पहिल्यांदा निरनिराळ्या रिंगांच्या तयार डब्यातली 3 मिमीची रिंग बसवली होती. डोळ्यांना तशीच दिसली, हाताला घट्टही लागली. पण जागा 3.10 ची, म्हणजे ती भिंतीला टेकतच नव्हती! 3.5 ची चालली असती.

रिंग मिळायची ठिकाणं: मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्याकडे भोसरी. ऑइल सीलवाल्या दुकानात आयडी (आतला व्यास) आणि जाडी दोन्ही सांगा. ‘जॅकची रिंग द्या’ म्हणाल तर समोरचा अंदाजानेच देईल. रबर कुठलं, हेही विचारा. साध्या हायड्रॉलिक तेलाला नायट्राइल. गरम जागी व्हायटन. ईपीडीएम मात्र ब्रेक ऑइलसाठीचं, जॅकच्या खनिज तेलात ते फुगून बसतं. नायट्राइल आणि ईपीडीएम दोन्ही बहुधा काळीच, त्यामुळे नजरेने कळत नाही. दाब 100 बारच्या वर जात असेल तर 70 ऐवजी 90 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) कडक रिंग घ्या, किंवा बॅकअप रिंग ठेवा.

बसवताना रिंगेला जॅकचंच तेल चोपडा. आटे ओलांडायचे असतील तर त्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा, नाहीतर धार रिंग कापते. रॅम खाली ठेवून तेल भरायच्या भोकापर्यंत तेल भरा, व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-बारा वेळा पंप मारा म्हणजे हवा निघेल. मग जड लाकडी ठोकळा उचलून रॅमवर खडूची रेघ मारा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी रेघ जागेवर असेल तर काम झालं.

रिंगा दोन आणा. दुसरी पिशवीत घालून अंधारात ठेवा, मोटार किंवा वेल्डिंग मशीनपासून लांब. तिथल्या ओझोनने नायट्राइलला तडे जातात. माप जॅकच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा.