कोड बरोबर, तरी कॉम्प्युटर आत घेत नाही? आधी टाइमझोन बघा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्या आणि आसपासच्या पतसंस्थांमधले कॉम्प्युटर मी बघतो. लॉगिनचा कोड घेत नाही म्हणून बोलावणं येतं, तोवर कुणीतरी सल्ला देऊन गेलेला असतो: मोबाइलमधलं ऑथेंटिकेटर, म्हणजे हे कोड देणारं अ‍ॅप, काढून परत टाका. हे कृपा करून करू नका. बॅकअप नसेल तर अ‍ॅपबरोबर त्यातली कोड बनवणारी गुप्त किल्लीही जाते, आणि मग अ‍ॅडमिनकडून नव्याने नोंदणी करून घेण्यावाचून मार्ग उरत नाही.

दोनदा कोड नाकारला की थांबा. पुढच्या प्रयत्नांत खातं लॉक होऊ शकतं.

कोडऐवजी मोबाइलवर लॉगिन मंजूर करायची सूचना येत असेल आणि तीच येत नसेल, तर मोबाइलचा डेटा चालू आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये मे 2023 पासून स्क्रीनवरचा अंक मोबाइलवर टाकावाच लागतो, नुसतं मंजूर करून भागत नाही. तुम्ही लॉगिन करत नसताना सूचना आली तर नाकारा आणि पासवर्ड बदला. ओटीपी एसएमएसने येत असेल आणि त्याच नंबरचं सिम नुकतंच बदललं असेल, तर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत.

आता अ‍ॅपमधला सहा आकडी कोड. तो गुप्त किल्ली आणि वेळ यांच्यातून तयार होतो, बहुतेक ठिकाणी दर 30 सेकंदांनी बदलतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मोबाइलची वेळ ऑटोमॅटिक ठेवा.

मोबाइल ठीक असेल तर कॉम्प्युटरकडे वळा. नेट बंद असतानाही कोड विचारून आत घेणारी व्यवस्था असेल, तर कोडची तपासणी कॉम्प्युटर स्वतःच्या घड्याळावर करतो. याच टप्प्याने मला एके काळी सगळ्यात जास्त छळलं. "दादा, घड्याळ तर बरोबर दाखवतंय," असं सगळे सांगतात, आणि ते खरंच बरोबर दाखवत असतं. पण कोडसाठी भिंतीवरची वेळ कामाची नसते, जागतिक वेळ (यूटीसी) लागते, आणि ती कॉम्प्युटर घड्याळ आणि टाइमझोन यांच्यावरून काढतो. विंडोज टाकताना टाइमझोन अमेरिकेचा पॅसिफिक राहून गेला, तर नेट आल्यावर घड्याळ बारा-तेरा तास मागे जातं. मग कुणीतरी ऑटोमॅटिक वेळ बंद करून हाताने भारतातली वेळ लावतं. दिसायला वेळ नीट, आतली जागतिक वेळ मात्र तितकेच तास पुढे. प्रत्येक कोड चूक ठरतो.

दुसरं अ‍ॅडमिन खातं चालत असेल तर त्यातून आत जा आणि सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'यूटीसी +5:30 चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' करा. मग ऑटोमॅटिक वेळ चालू करून सिंक नाऊ दाबा. क्रम हाच ठेवा. आधी हाताने वेळ बदलू नका.

आत जायला मार्गच नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा. बहुतेक मशीनवर सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबावं लागतं. तिथलं वर्षच जुनं दिसलं तर मदरबोर्डवरचा सीमॉस सेल संपलाय. सीआर2032, 3 व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद करणाऱ्यांकडे तो लवकर संपतो, कारण वीज नसताना घड्याळ त्याच्यावरच चालतं. सेल बदला, तारीख-वेळ लावा. विंडोज आपोआप दुरुस्त करेल या भरवशावर राहू नका. डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या नेटवर्कमध्ये) नसलेल्या पीसीवर 15 तासांहून जास्त फरक ते मुळात स्वीकारत नाही.

बायोसमधली वेळ बरोबर असेल आणि झोन पॅसिफिक असल्याची खात्री असेल, तर तिथली वेळ मुद्दाम मागे न्या: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास, एरवी साडेतेरा. म्हणजे पावसाळ्यात सकाळचे 11 वाजले असतील, तर आदल्या तारखेचे रात्रीचे 10:30 लावा. तारीखही बदलायला विसरू नका, लोक तिथेच अडकतात. आता कोड चालेल. आत गेल्याबरोबर झोन बदला आणि मग सिंक करा.

एवढं करूनही कोड घेतला नाही तर बहुधा किल्लीच जुळत नाही. अ‍ॅडमिनला सांगून नवीन नोंदणी करून घ्या. त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. त्याच मोबाइलच्या गॅलरीत त्यांचा फोटो ठेवून काही उपयोग नाही.