मुली मार्शल आर्ट्सचा क्लास मध्येच सोडतात? आधी या चुका टाळा

नाव नोंदवायला मुली येतात, पहिला महिना नियमित असतात, मग एकेक करून दिसेनाशा होतात. "त्यांना आवडच नसते" म्हणून प्रशिक्षक मोकळे होतात. गळती कुठे लागलीये ते पाहायचं असेल, तर जोडीनं चाललेला सराव नीट बघा.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे खोटा प्रतिकार. मनगट सोडवण्याचंच घ्या. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात, ती पकडीची कच्ची बाजू. मनगटाची कड त्या फटीकडे वळवायची, कोपर पुढे रेटायचं आणि झटक्यात हात काढायचा. पण समोरचा मुलगा ती हलायच्या आधीच बोटं सैल करतो. आपण सुटलो नाही, आपल्याला सोडलंय, हे तिला लगेच कळतं. दुसरा नमुना याच्या उलट: मुलीचा एक ठोसा बसला की हा पिसाळतो आणि दुप्पट जोरानं मारतो. दोघांवर इलाज एकच, जोर ठरवून द्या. आधी घट्ट पण स्थिर पकड, मग ओढत, मग धक्का देत. तंत्र चुकलं तर हात सुटता कामा नये. जोर कधी वाढवायचा हे मात्र तिनं सांगायचं.

बॅचमध्ये दोनच मुली असल्या की कायम त्यांचीच जोडी लावतात. सोयीचं असतं, पण दोघींची वाढ खुंटते. वजन आणि अनुभव पाहून जोड्या बदला. एखादीला पुरुष जोडीदार नकोच असेल, तर कारण न विचारता मान्य करा.

पवित्रा सुधारताना थेट हात लावू नका. "हात लावून दाखवू का?" एवढं विचारा, नाही म्हणाली तर तोंडी सांगा. गळा धरणं, अंगावर बसून दाबून ठेवणं हे प्रकार पूर्वसूचना न देता सुरू करू नका. कुणाच्या वाट्याला आधी काय आलंय, आपल्याला ठाऊक नसतं. जोडीदारानं थांबण्याची खूण म्हणून हातानं थोपटलं की तत्क्षणी सोडायचं, हा नियम त्याआधी पक्का झालेला हवा.

एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरात फोटो छान येतात. हातात मात्र फारसं काही उरत नाही, कारण हालचाल अंगवळणी पडायला आठवडे जातात. शिवाय तिथला हल्लेखोर नेहमी अंधारातला अनोळखी माणूस! प्रत्यक्षात त्रास देणारा बरेचदा ओळखीचा असतो. म्हणून अंतर राखणं आणि खणखणीत आवाजात "मागे हो" म्हणणं यांचाही सराव लागतो.

पट्ट्याच्या परीक्षेत सूट नको, अडवणूकही नको. बायकांची अडवणूक तशी जुनीच: ज्युदो 1964 मध्ये ऑलिंपिकला आला. बायकांना पदकासाठी 1992 उजाडावं लागलं. बॉक्सिंगमध्ये तर थेट 2012.

बाकी साध्या गोष्टी: लहान मापाचे ग्लोव्हज, छातीचा गार्ड, कडी लागणारी कपडे बदलायची खोली. आणि तक्रार मुख्य प्रशिक्षकाबद्दलच असेल तर कुणाकडे जायचं, त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर पहिल्याच दिवशी हातात द्या.