गॅपमध्ये ग्रुप थिअरी शिकताना

एम.एस्सी.ला असताना ऑर्डर ८ चे, म्हणजे आठ घटकांचे, पाचही ग्रुप मी कागदावर नीट मांडले होते. १६ ला मात्र अडले. तिथे १४ ग्रुप निघतात, ३२ ला ५१ आणि ६४ ला थेट २६७. तेव्हा मॅडमनी ग्रुपची गणितं करणारं गॅप सुचवलं. १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेनला योआखिम नॉयब्युझर यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पहिल्या दिवशी अर्धविराम सांभाळा. ओळीच्या शेवटी तो द्यायचा राहिला, की गॅप पुढच्या ओळीची वाट बघत थांबतं आणि सगळं अडकलंय असं वाटतं.

माझे दोन दिवस खाल्ले ते गुणाकाराने. (१,२) म्हणजे १ आणि २ ची अदलाबदल; (१,२,३) म्हणजे १ जातो २ वर, २ जातो ३ वर, ३ जातो १ वर. (१,२) गुणिले (१,३) आमच्या पुस्तकाप्रमाणे (१,३,२) येतं, गॅप (१,२,३) म्हणत होतं. पुस्तक उजवीकडचं परम्युटेशन (अशी अदलाबदल) आधी लावतं, गॅप डावीकडचं. १ घेऊन बघा: (१,२) ने तो २ वर गेला, आणि (१,३) त्या २ ला हातच लावत नाही. उत्तरं दोन्ही बरोबर, दिशा वेगळी. तेव्हापासून दिशा कोणती ते मी आधी समासात लिहून ठेवते. डायहेड्रल, म्हणजे नियमित बहुभुजाच्या सममितींच्या, ग्रुपचंही तसंच. कंसातला आकडा ऑर्डरचा असतो, म्हणजे चौरसाच्या सममितींसाठी ८ लिहायचे, ४ नव्हे.

मग रुबिक क्यूब. मधले सहा स्टिकर जागचे हलत नाहीत, उरलेल्या ४८ ना नंबर दिले, सहा बाजू फिरवण्याची सहा परम्युटेशन्स टाइप केली. ‘साइझ’ विचारल्यावर लगेच उत्तर आलं: ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. उत्साहात मी ‘एलिमेंट्स’ मागितले आणि मेमरी भरून लॅपटॉप गोठला. एवढे घटक मोजल्याशिवाय संख्या कळली कशी, हा प्रश्न मला या विषयात खोलवर घेऊन गेला. उत्तर एस-४ वर, म्हणजे १ ते ४ च्या सगळ्या परम्युटेशन्सच्या ग्रुपवर, दिसतं. १ चार जागी जाऊ शकतो. १ जागेवर धरला तर २ तीन जागी जातो, तोही धरला तर ३ दोन जागी. ४ × ३ × २ = २४. चार्ल्स सिम्स यांची पद्धत ही साखळी मोठ्या ग्रुपवर चालवते. म्हणून यादी मागू नका. ऑर्डर, सेंटर (ज्यांचा कोणाशीही गुणाकार उलटसुलट केला तरी तोच येतो असे घटक), कॉन्जुगसी क्लास (एकसारखं वागणाऱ्या घटकांचे गट) असं नेमकं काही विचारा.

ग्रुपच्या रचनेचं वर्णन देणाऱ्या ‘स्ट्रक्चर डिस्क्रिप्शन’वर विसंबून मी एकदा प्रोजेक्टमध्ये दोन ग्रुप आयसोमॉर्फिक, म्हणजे रचनेने एकच, ठरवले होते. गॅपच्या ऑर्डर १६ च्या यादीतला तिसरा आणि तेरावा, दोघांचं वर्णन अक्षरशः एकच येतं: सी-४ (चार घटकांचा चक्रीय ग्रुप) गुणिले सी-२, त्यावर सी-२ चा सेमीडायरेक्ट प्रॉडक्ट (ग्रुप जोडण्याची एक पद्धत). पण तेराव्याचं सेंटर सी-४ आहे, तिसऱ्याचं सी-२ गुणिले सी-२. ग्रुप ओळखायचा तर ‘आयडी ग्रुप’, म्हणजे यादीतला त्याचा नंबर, विचारा, वर्णन फक्त अंदाजासाठी ठेवा.

सुरुवातीला ए-४ (एस-४ मधल्या सम परम्युटेशन्सचा १२ घटकांचा ग्रुप) घ्या. त्याचे सबग्रुप (त्याच्या आत बसणारे ग्रुप) आधी हाताने काढा: ऑर्डर १ चा एक, २ चे तीन, ३ चे चार, ४ चा एक आणि तो स्वतः, असे दहा. ६ हा १२ चा विभाजक असूनही ऑर्डर ६ चा एकही नाही. मग ‘कॉन्जुगसी क्लासेस सबग्रुप्स’ चालवा. पाच वर्ग दिसतील, आणि त्यांतले तुमचे दहा कुठे बसले ते एकेक करून शोधा.