चाच्यांच्या मांगामालिकेसाठी विनोदी जादा प्रकरण कसे रचावे

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा; तिची प्रकरणे आधी साप्ताहिकात येतात आणि मग खंडात एकत्र छापली जातात. अशा खंडात शेवटी किंवा दोन प्रकरणांच्या मध्ये जी छोटी गमतीदार भर असते, तिला ओमाके, म्हणजेच जादा प्रकरण, म्हणतात. ती लेखकाच्या हौसेतून येते, तशीच छपाईच्या हिशोबातूनही येते. साप्ताहिकातले एक प्रकरण साधारण १९ पानांचे धरले, तर नऊ प्रकरणांची १७१ पाने होतात. खंड सोळा पानी फॉर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत, छापायचा असेल तर सुरुवातीची आणि मधली जादा पाने धरून तो १९२ पानांवर जाऊन थांबतो. उरलेल्या २१ पानांतली काही शीर्षक, अनुक्रमणिका आणि श्रेयनामावली यांत जातात. शिवाय १९ ही संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक प्रकरण एकाच बाजूच्या पानावर सुरू करायचे ठरवले की मध्ये एकेक पान मोकळे राहते. १९९७ पासून चालू असलेल्या ‘वन पीस’ या चाच्यांच्याच मालिकेत चौथ्या खंडापासून अशा मधल्या पानांवर वाचकांच्या प्रश्नांना थट्टेखोर उत्तरे देणारे सदर येते. म्हणून विनोद सुचण्याआधी आपल्या खंडात नेमकी किती पाने मोकळी आहेत ते मोजावे आणि तेवढ्याच मापाचा विनोद शोधावा, कारण एका पानाची गंमत चार पानांवर ताणली की ती हमखास विरते.

विषय निवडताना लढाया, खजिने आणि सूड मुख्य कथेसाठीच ठेवावेत. जादा प्रकरणाचे खरे भांडवल म्हणजे जहाजावरचा संसार: कुणाची झोपायची झोळी कुठे टांगायची, पिंपातले पाणी कोणी संपवले, कामाची पाळी कोणाची. इतिहासात याची रेलचेल आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावरचा करारनामा १७२४ साली लंडनमध्ये छापलेल्या एका ग्रंथात आला आहे. त्यानुसार रात्री आठला दिवे आणि मेणबत्त्या विझवायच्या, त्यानंतर कोणाला प्यायचेच असेल तर त्याने उघड्या डेकवर बसून प्यायचे, पैसे लावून जुगार खेळायचा नाही आणि वादकांना रविवारी सुट्टी द्यायची. जपानी वळणाचा विषय हवा असेल, तर सेतोच्या अंतर्गत समुद्रातले नोशिमाचे मुराकामी घराणे पाहावे. सोळाव्या शतकात ही मंडळी जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांकडून जकात घेत आणि सुखरूप जाता यावे म्हणून परवान्याचा झेंडा देत. दरारा असलेल्या माणसांचे हे कारकुनी काम हास्यासाठी आयतेच आहे.

रॉबर्ट्सचे रविवारचे कलम घेऊन चार चौकटींची उभी पट्टी कशी बांधता येईल ते पाहू. जपानी चार चौकटींच्या पट्टीची रचना की, शो, तेन, केत्सु अशी, म्हणजे आरंभ, विस्तार, कलाटणी आणि शेवट अशी असते. पहिल्या चौकटीत धुक्यातून शत्रूचे गलबत पुढे येते आणि कप्तान तलवार उपसून रणशिंग फुंकण्याचा हुकूम देतो. दुसऱ्या चौकटीत शिंगवाला झोळीतून न उठता डोलकाठीवर ठोकलेल्या करारनाम्याकडे बोट दाखवतो. तिसऱ्या चौकटीत कप्तान दुर्बीण लावतो, तर पलीकडचा कप्तान स्वतःच गाल फुगवून तोंडाने शिंगाचा आवाज काढताना दिसतो. चौथ्या चौकटीत दोन्ही कप्तान आपापल्या जहाजाच्या पुढच्या टोकावर उभे राहून ‘तुतुतुतू’ करत आहेत आणि मधल्या होडीत दोन्हीकडचे शिंगवाले निवांत मासे धरत बसले आहेत.

यात सगळी भिस्त तिसऱ्या चौकटीवर आहे, म्हणून दुसरीत शत्रूच्या वादकाचा मागमूसही दिसता कामा नये. पहिली चौकट तर मुख्य कथेइतक्याच गंभीरपणे, गडद शाईने आणि लाटांच्या पूर्ण तपशिलासह काढावी. पुष्कळ होतकरू चित्रकार पहिल्याच चौकटीत पात्रांना डोळे मिचकावायला लावतात आणि तिथेच विनोदाची हवा निघून जाते. वाचकाला खरोखर लढाई होणार असे वाटले, तरच सुट्टीचा मुद्दा हसवतो. दुसऱ्या चौकटीपासून पात्रे चिबी पद्धतीने काढावीत: एरवी सात डोक्यांएवढी उंच असणारी आकृती दोन किंवा तीन डोक्यांएवढी होते, तपशील गळतात, पण टोपी, व्रण, डोळ्यावरची पट्टी अशा ओळखीच्या खुणा मात्र कायम राहतात, किंबहुना थोड्या मोठ्याच होतात.

चित्र पक्के करण्याआधी वाचनाची दिशा ठरवून टाकावी. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो. काढलेले पान नंतर आरशासारखे उलटवले, तर डावा डोळा गमावलेला चाचा उजव्या डोळ्याने आंधळा होतो आणि हाताच्या जागी बसवलेला लोखंडी आकडा भलत्याच हातावर येतो. मराठी वाचकांसाठी काढत असाल तर मूळ आराखडाच डावीकडून उजवीकडे करावा. संवादाच्या फुग्यांचेही तसेच आहे. जपानी मजकूर उभा लिहिला जात असल्याने तिकडचे फुगे उंच आणि अरुंद असतात, पण देवनागरी आडवी चालते, त्यामुळे अशा फुग्यात ‘करारनाम्याप्रमाणे’ हा एक शब्दसुद्धा मावत नाही. फुगे आधी रुंद आखून, त्यांत अक्षरे बसवून मगच चेहऱ्यांची जागा निश्चित करावी.

जादा प्रकरणात जे घडते त्याचा मुख्य कथेवर डाग राहू नये: तिथे फुटलेले पिंप पुढच्या प्रकरणात शाबूत असावे आणि तिथे उघड झालेले गुपित कोणाला आठवू नये. मृत पात्राला परत आणायला हरकत नाही, मात्र त्याच्या मृत्यूच्या प्रकरणाला लागूनच ते पान ठेवू नये. अशा वेळी त्या जागी जहाजाचा नकाशा किंवा कोठाराची यादी द्यावी आणि शिंगवाल्यांची पट्टी खंडाच्या शेवटच्या मोकळ्या पानावर न्यावी.