गरोदरपणातलं बीपी: घरी नीट कसं मोजायचं, आकडा वाढला तर काय करायचं

गरोदरपणात बीपी वाढलं तरी बहुतेकींना काहीच जाणवत नाही. त्यामुळे 'मला तर बरं वाटतंय' या भरवशावर राहू नका. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी गाठला आणि काही तासांनी मोजल्यावरही तसाच राहिला, तर बीपी वाढलं असं धरतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपीसोबत लघवीतून प्रोटीन जाऊ लागलं किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांवर परिणाम दिसला, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया. त्यातूनच पुढे झटके येऊ शकतात आणि बाळाची वाढ खुंटू शकते.

मोजण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. गरोदर बायकांसाठी तपासलेलं मॉडेल कोणतं, ते डॉक्टरांना विचारा आणि आपलं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा. प्रीएक्लॅम्प्सियात काही मशिन्स खरं बीपी असतं त्यापेक्षा कमी दाखवतात. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आवळून बांधला की आकडा उगाच चढतो.

लोकलचा जिना चढून आल्या आल्या मोजू नका. आधी लघवीला जाऊन या. चहा होऊन अर्धा तास उलटलेला असू द्या. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको, मांडी घालूनही नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर बांधा. घरात टेबल नसेल तर स्टुलावर उशा रचून हात छातीच्या पातळीला टेकवा, कारण हात खाली लोंबला की आकडा जास्त येतो. मोजताना बोलणं नको, फोन तर नकोच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहा. चांगला तेवढाच लिहायचा, असं करू नका. औषधाचा डोस याच वहीवरून ठरतो.

१४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि लघवी तपासून घ्या. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता थेट प्रसूती विभाग गाठा. गरज पडली तर १०८ला फोन करा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर आकडा कमी असला तरी निघा. कुठे जायचं ते आधीच ठरवा. मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर, वाडिया किंवा जिथे नाव नोंदवलंय ते. जुलैत हिंदमाता, किंग्ज सर्कल तुंबलं की रस्ता बंद होतो, म्हणून दुसरा पर्यायही हाताशी ठेवा.

गोळ्यांमध्ये लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा गरोदरपणात दीर्घकाळ वापरात आहेत. दमा असेल तर लॅबेटॅलॉल घेण्याआधी सांगा. हळूहळू विरघळणारी निफेडिपिन चावू नका, कुटू नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. यातली गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांकडून बदलून घ्या. गोळीमुळे बीपी उतरलं म्हणून गोळी बंद करायची नाही. अंगदुखीसाठी केमिस्टकडून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक आणू नका. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असणाऱ्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसची ॲस्पिरिन देतात. ती मनाने सुरू करू नये. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

जेवण अळणी करायची गरज नाही. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. मिश्री (दातांना लावायची तंबाखू) मात्र पूर्ण बंद.

सातव्या महिन्यानंतर माहेरी, कोकणात किंवा घाटावर जाणार असाल तर फाइल, वही, मशीन आणि गोळ्या सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांकडे पोचल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवा.

बाळंत झालं की बीपी गेलं, असं घरोघरी धरतात आणि इथेच घात होतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते बहुधा सर्वात जास्त चढतं, आणि नेमकी तेव्हाच बाई घरी आलेली असते. प्रीएक्लॅम्प्सिया सहा आठवड्यांपर्यंत नव्यानेही होऊ शकतो. बाळंतिणीचं डोकं ठणकतंय तर 'वारं लागलं' म्हणून बाम चोळण्याआधी तिच्या दंडाला पट्टा बांधा.