उपासना आणि बंदूक : घरगुती शास्त्राभ्यासात हा विषय कसा घ्यावा

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर सांगितले, की त्याच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दारात गीतांची पुस्तके वाटणारे गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून उभे असतात. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील आमच्या घरगुती प्रार्थनासभेत हा विषय वारंवार निघतो. तुमच्याकडेही तो निघत असेल, तर उपासना आणि शस्त्र हे दोन प्रश्न दोन वेगळ्या बैठकींत घ्यावेत. अमेरिकेतील अनेक परंपरानिष्ठ ख्रिस्ती लोक ते एका दमात मांडतात. पण उपासनेला हजर राहणे हा शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, विषय आहे, तर शस्त्र बाळगण्याचा हक्क मुळात त्यांच्या संविधानातला, १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतला आहे.

पहिल्या बैठकीला फारसा वेळ लागत नाही. इब्री लोकांस पत्र १०:२५ वाचावे; एकत्र मिळणे सोडू नका, हा तिथला बोध स्पष्ट आहे. पडद्यावर पाहिलेली उपासना प्रत्यक्ष एकत्र येण्याची जागा घेऊ शकत नाही, असे हे लोक याच वचनावरून म्हणतात. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील ग्रेस कम्युनिटी चर्चने कोविडचे सरकारी निर्बंध असतानाही आत उपासना चालू ठेवली, त्यामागे हीच भूमिका होती.

दुसऱ्या बैठकीसाठी मात्र दोन तास हाताशी ठेवावेत. ‘झगा विकून तरवार घ्या’ हे लूक २२:३६ चे वचन बंदुकीच्या बाजूने नेहमी पुढे केले जाते, म्हणून तिथेच न थांबता त्याच अध्यायाच्या ५१ व्या वचनापर्यंत सलग वाचावे. तिथे शिष्याच्या तरवारीने कान तुटलेल्या दासाला येशू स्पर्श करून बरे करतो. लगेच मत्तय २६:५२ घ्यावे; तरवार धरणारे तरवारीनेच नाश पावतील, असे येशू तिथे म्हणतो. निर्गम २२:२-३ वाचताना रात्री घर फोडणारा चोर आणि सूर्य उगवल्यावरचा चोर यांत शास्त्र जो भेद करते (पहिल्याला मारल्यास रक्तदोष नाही, दुसऱ्याला मारल्यास आहे), तो कोणीही गाळू नये.

बंदूक हवी म्हणणाऱ्यांची भीती मात्र खरी मानावी. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासमधील सदरलंड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये गोळीबारात २६ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच व्हाइट सेटलमेंट येथील चर्चमध्ये दोघे मारले गेले, पण सुरक्षेचे काम पाहणाऱ्या स्वयंसेवकाने हल्लेखोराला काही सेकंदांत टिपले. तरीही परंपरानिष्ठांचे याबाबत एकमत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी फॉलवेल धाकटे यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रपरवाना घेण्यास सांगितले, तेव्हा जॉन पायपर या तितक्याच परंपरानिष्ठ पाळकांनी शास्त्राच्याच आधारे त्यांना जाहीर विरोध केला. मला पायपर यांचे म्हणणे पटते, आणि सभा चालवणाऱ्याने आपले मत असे उघड सांगून टाकावे, म्हणजे इतरांना मोकळेपणे बोलता येते.

शेवटी आपल्या गावाकडे यावे. चंबळच्या या मुलखात बंदूक कोणाला नवी नाही, पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ती परवान्यावरच मिळते. आपल्या संविधानात तसा मूलभूत हक्क नाही. निवडणूक लागली की आमचे शेजारी आपली दुनाळी जुन्या धोतरात गुंडाळून ठाण्यात जमा करतात आणि पावती देवघरातल्या डबीत ठेवतात. तुमच्याही ओळखीत असे कोणी असेल, तर त्यांना सभेला बोलवावे आणि बंदूक घरात नसलेल्या त्या दिवसांत झोप कशी लागते, एवढेच विचारावे. सभा मोडताना परदेशातल्या मुलांसाठी, आणि दारावर उभ्या राहणाऱ्या त्या गृहस्थांसाठीही, प्रार्थना करावी.