डब्ल्यूएपी-७ गेममध्ये आणताय? रंग नंतर, आधी ओढ

ओपन रेल्स या रेल्वे चालवायच्या गेमसाठी डब्ल्यूएपी-७ या प्रवासी गाड्यांच्या विजेच्या इंजिनाची देखणी मॉडेलं ढिगानं मिळतात. काचा चकचकीत, नंबर बरोबर, छतावरची धूळसुद्धा हुबेहूब. पण रत्नागिरीहून गाडी सोडली की कळतं, पोटात मालगाडीचं इंजिन आहे. मालगाडीच्या डब्ल्यूएजी-९ इंजिनाची फाइल उचलायची, कमाल वेग १०० चा १४० करायचा, झालं काम! दोन्ही लोको भावंडंच, पण गिअरच्या दात्यांचं प्रमाण वेगळं: मालगाडीचा १०७:२१, प्रवासी गाडीचा ७२:२०. त्यामुळे सुटतानाची ओढ ४६० किलोन्यूटनवरून ३२२ च्या आसपास येते. हे दुरुस्त होईपर्यंत ब्रश बाजूला ठेवा.

इंजिनाची सगळी माहिती असलेली ईएनजी (.eng) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सेव्ह करताना युनिकोडच ठेवा. वजन १२३ टन, शक्ती ४,५०० किलोवॅट. नवं चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचं, पण फाइल त्रिज्या मागते, म्हणून ०.५४६ मीटर.

आता खरं काम, कोणत्या वेगाला किती ओढ हे सांगणारा ओढीचा तक्ता. यात वेग मीटर प्रति सेकंदात आणि ओढ न्यूटनमध्ये असते. ताशी ५० किलोमीटर म्हणून ५० टाकलात, तर गेम त्याला ताशी १८० समजतो आणि इंजिन रॉकेट होतं. पूर्ण थ्रॉटलला शून्यापासून १४ पर्यंत ३,२२,००० न्यूटन सपाट ठेवा. पुढचे आकडे पाठ करायची गरज नाही: शक्तीला वेगानं भागा. २० ला २,२५,०००, २८ ला सुमारे १,६१,०००, ३९ ला १,१५,०००. फाइलमध्ये मात्र स्वल्पविराम नकोत.

परीक्षा आपल्याच मार्गावर घ्या. कोकण रेल्वेचा चढ जास्तीत जास्त १५० ला १, म्हणजे १५० मीटरला १ मीटर. लोकोसकट १,२०० टनांच्या गाडीला नुसता तो चढ ७८ किलोन्यूटन खातो. ताशी १०० ला (तक्त्यातले २८) इंजिनाकडे १६१ आहेत, त्यामुळे चढावरही वेग हळूहळू वाढायला हवा. एफ५ दाबून ओढीचे आकडे बघत बसा. वेग पडत असेल तर तक्ता चुकलाय, झपाट्यानं चढत असेल तरीही.

मग पाऊस लावा. आषाढातला, शिंतोडे नव्हेत. ओल्या रुळाची पकड ०.२, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी धरली, तर १२३ टनांच्या लोकोला जेमतेम २४० किलोन्यूटन रुळावर उतरवता येतात. उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की चाकं घसरलीच पाहिजेत. घसरत नसतील, तर सेटिंगमध्ये प्रगत घर्षण बंद असणार.

आवाज जमेल तसे भरा, फक्त ब्लोअर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंखा, विसरू नका. फलाटावर तोच आधी ऐकू येतो. आणि चालवताना मागचा पँटो (छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) वर घ्या, दोन्ही नकोत.